शिट्टी गळ्यात अडकवण्याआधी...

मुलांची शिबिरं, संचलनं, शेकोट्या आपण कौतुकानं पाहतो. गणवेशातल्या चिरंजीवांचा फोटो काढून नातेवाइकांना दाखवतो. पण त्या मुलांना डोंगरात, नदीकाठी, परगावी घेऊन जाणारी मोठी माणसं कोण असतात? त्यांना कुणी शिकवलेलं असतं आणि काय शिकवलेलं असतं? स्काऊट-गाईड चळवळीत मास्तरांसाठीही एक शाळा भरते. तिथे पहिला धडा मिळतो तो गप्प बसण्याचा!

शाळा सुटते. मुख्याध्यापक बाईंना ऑफिसात बोलावून घेतात. टेबलावर जिल्हा कार्यालयाचं पत्र असतं. स्काऊट-गाईडच्या बेसिक कोर्सला शाळेतून एक नाव पाठवायचंय. आठवडाभराचा कोर्स, मुक्काम तिथेच. बाईंच्या डोळ्यांपुढे पहिल्यांदा येतं ते स्वतःचं घर. मुलाची चाचणी परीक्षा, सासूबाईंच्या गोळ्या, सकाळचे तीन डबे. दुसरा विचार येतो तो तंबूचा. जमिनीवर झोपायचं? तिसरा विचार मात्र त्या बोलून दाखवत नाहीत. ‘आपल्याला हे जमेल का?’

गाव कुठलंही असो, शाळा कुठलीही असो, स्काऊट मास्तर किंवा गाईड कॅप्टन होण्याची सुरुवात पुष्कळदा अशीच होते. हौसेनं येणारे असतात, लहानपणी स्काऊटमध्ये असलेले असतात, रेल्वेच्या वसाहतीत संध्याकाळी मुलं जमवणारेही असतात. पण मोठा वर्ग असतो तो पत्र आलं म्हणून आलेल्यांचा. ट्रंक, वळकटी, नवी कोरी शिट्टी आणि चेहऱ्यावर ‘सात दिवस कसे जाणार?’ हा प्रश्न घेऊन ही मंडळी शिबिराच्या मैदानावर उतरतात.

उतरतात तेव्हा ती शिक्षक असतात. काही तासांतच त्यांना पुन्हा विद्यार्थी व्हावं लागतं.

आधी मुलं आली, मग मास्तर

या चळवळीची एक गंमत आहे. ती मोठ्यांनी आखून मुलांवर लादली असं झालं नाही. १ ऑगस्ट १९०७ रोजी ब्रिटिश लष्करातले अधिकारी रॉबर्ट बेडन-पॉवेल यांनी इंग्लंडच्या किनाऱ्याजवळ ब्राऊनसी बेटावर सुमारे वीस मुलांचं एक प्रायोगिक शिबिर सुरू केलं. बड्या घरच्या महागड्या शाळांतली मुलं आणि कामगार वस्तीतली मुलं त्यांनी मुद्दाम एकत्र आणली. त्यांचे चार गट पाडले आणि प्रत्येक गटाला मुलांमधलाच एक नायक दिला. जानेवारी १९०८ पासून ‘स्काऊटिंग फॉर बॉईज’ हे त्यांचं पुस्तक पंधरवड्याला एक भाग असं प्रसिद्ध होऊ लागलं आणि गावोगावची मुलं ते वाचून आपापले गट करू लागली.

गट तर झाले, पण त्यांना सांभाळणार कोण? मग ही मुलंच मोठ्या माणसाच्या शोधात निघाली. कुणी चर्चच्या पाद्रीबुवांना गाठलं, कुणी शेजारच्या तरुणाला, कुणी शाळेतल्या मास्तरांना. मोठी माणसं हौसेनं तयार झाली. पण हौस वेगळी आणि तयारी वेगळी.

त्यातलं अंतर किती महागात पडू शकतं, हे लवकरच दिसलं. ४ ऑगस्ट १९१२. लंडनच्या वॉलवर्थ भागातल्या पथकाची मुलं शेप्पी बेटावरच्या लेजडाऊन इथल्या वार्षिक शिबिरासाठी बोटीतून निघाली होती. मुक्काम जवळ आला असताना वादळी वाऱ्याच्या झोतानं बोट उलटली. नऊ मुलं बुडाली. त्यांतली आठ स्काऊट होती. त्यांच्या शवपेट्या लंडनला आणण्यासाठी तेव्हाचे नौदलमंत्री विन्स्टन चर्चिल यांनी नौदलाचं जहाज पाठवलं होतं. शिबिराला निघालेली मुलं अशी परत आली.

मोठ्यांसाठी कायमचं प्रशिक्षण केंद्र उभं राहायला पहिलं महायुद्ध संपावं लागलं. विल्यम डी बोई मॅक्लारेन या स्कॉटिश सद्गृहस्थांच्या देणगीतून १९१९ मध्ये लंडनच्या सीमेवर, एपिंग जंगलालगत गिलवेल पार्क ही जागा घेण्यात आली. ८ सप्टेंबर १९१९ रोजी तिथे स्काऊट मास्तरांचा पहिला ‘वुड बॅज’ कोर्स सुरू झाला. मोठी माणसं मुलांसारखी गटागटानं तंबूत राहिली, चुली पेटवल्या, नकाशे काढले. आज जगभर पाच कोटींहून अधिक सभासद असलेल्या या चळवळीत मास्तरांना शिकवण्याचा हाच साचा वापरला जातो.

दोन लाकडी मण्यांची किंमत

कोर्स पुरा करणाऱ्याला द्यायचं काय? बेडन-पॉवेल यांच्याकडे आफ्रिकेतल्या झुलू राजा दिनुझुलू यांच्या माळेतले मणी होते. १८८८ च्या झुलूलँडमधल्या मोहिमेनंतर ते त्यांच्या हाती आले होते. साम्राज्याच्या लढाईतून आलेली ही वस्तू, तेव्हा तिचा इतिहास निखळ गौरवाचा म्हणता येत नाही. त्यातले मणी चामड्याच्या दोरीत ओवून पहिल्या तुकड्यांना दिले गेले. मूळ मणी संपले तसे त्यांच्यासारखे लाकडी मणी घडवले जाऊ लागले.

आजही प्रशिक्षित मास्तरांच्या गळ्यात असे दोन मणी दिसतात. मास्तरांना शिकवणारा सहायक प्रशिक्षक झाला की तीन आणि पूर्ण प्रशिक्षक झाला की चार. बाजारात या मण्यांना काही मोल नाही. पण ते मिळवण्यासाठी लोक सुट्ट्या घालवतात, पदरचं भाडं खर्च करतात, पन्नाशीत तंबूत झोपतात.

भारतात याच बॅजला ‘हिमालय वुड बॅज’ म्हणतात.

आपल्याकडे कसं आलं?

भारतात स्काऊटिंग १९०९ मध्ये आलं. बंगळूरला कॅप्टन बेकर यांनी पहिलं पथक सुरू केलं. १९११ मध्ये जबलपूरला मुलींची पहिली गाईड कंपनी निघाली. मात्र सुरुवातीला हे सारं युरोपियन आणि अँग्लो-इंडियन मुलांपुरतं होतं. भारतीय मुलांना दार बंद!

भारतीयांनी दार ठोठावत बसण्यापेक्षा आपलंच घर बांधलं. १९१६ मध्ये ॲनी बेझंट यांनी मद्रासला जॉर्ज अरुंडेल यांच्या साथीनं भारतीय मुलांसाठी संघटना काढली. अलाहाबादला पंडित मदनमोहन मालवीय, हृदयनाथ कुंझरू आणि श्रीराम बाजपेयी यांनी सेवा समितीची स्काऊट संघटना उभी केली. १९२१ मध्ये बेडन-पॉवेल भारतात येऊन गेले आणि मूळ संघटनेची दारं भारतीय मुलांना खुली झाली. तरी वेगवेगळ्या चुली होत्याच. स्वातंत्र्यानंतर शिक्षणमंत्री मौलाना आझाद, कुंझरू, नागपूरचे न्यायमूर्ती विव्हियन बोस अशा मंडळींच्या प्रयत्नांतून त्या एक झाल्या. ७ नोव्हेंबर १९५० रोजी ‘भारत स्काऊट्स अँड गाईड्स’ स्थापन झाली आणि १५ ऑगस्ट १९५१ रोजी मुलींची गाईड संघटनाही तिच्यात आली.

देशभरच्या मास्तरांची मोठी शाळा भरते ती मध्य प्रदेशात पचमढीला. सातपुड्याच्या कुशीतलं हे थंड हवेचं ठिकाण विदर्भातल्या माणसांना नवं नाही. नागद्वारच्या यात्रेला आणि महाशिवरात्रीला त्रिशूळ घेऊन चौरागडला जाणाऱ्या भाविकांची वाट तिकडूनच जाते. रेल्वेनं पिपरियाला उतरायचं आणि पुढचा घाट चढायचा. तिथल्या राष्ट्रीय प्रशिक्षण केंद्रात केरळचा मास्तर आणि आसामची गाईड कॅप्टन एकाच गटात येतात. भाषा एकमेकांना धड येत नाही. पण चूल पेटवायची आणि पाणी भरायचं तर भाषेवाचून फारसं अडत नाही.

महाराष्ट्राला आणखी एक मान आहे. मुलींच्या गाईड चळवळीची जगातली जी मोजकी जागतिक केंद्रं आहेत, त्यांतलं ‘संगम’ हे पुण्यात आहे. १६ ऑक्टोबर १९६६ रोजी ते सुरू झालं. देशोदेशीच्या तरुणी आणि गाईड कॅप्टन तिथे शिबिरांना येतात आणि जाताना पुण्याच्या रिक्षाचा अनुभवही गाठीला बांधून नेतात.

लाटणं नाही, पोळपाट नाही!

मग या कोर्समध्ये होतं तरी काय?

पहिल्याच दिवशी आलेल्यांचे सहा ते आठ जणांचे संघ पाडले जातात. प्रत्येक संघाला नाव, झेंडा, तंबू आणि नायक मिळतो. घरी कुणी मुख्याध्यापक असो की कारकून, इथे नायक सांगेल ते काम. आज पाणी तुमच्याकडे, उद्या सरपण, परवा स्वयंपाक. सकाळी बेडन-पॉवेल यांचे सहा व्यायामप्रकार, मग तंबूची पाहणी. अंथरुणाची घडी वाकडी, ताट ओलं, दोरीचा गुंता... गुण कापले जातात. वर्षानुवर्षं मुलांच्या वह्यांवर लाल शेरे मारलेल्या हातांना आपल्याच घडीवर शेरा बसलेला पाहावा लागतो.

मग ध्वजवंदन, तास आणि प्रात्यक्षिकं. गाठींनी सुरुवात होते. रीफ नॉट, क्लोव्ह हिच, बोलाईन. बोटांना वळण लागेपर्यंत पुन्हा पुन्हा. होकायंत्र, नकाशा, अंदाजानं झाडाची उंची काढणं. त्रिकोणी पट्टीनं हात गळ्यात बांधणं. दोन काठ्या आणि एक घोंगडी घेऊन स्ट्रेचर करणं आणि त्यावर संघातल्या सर्वांत वजनदार गुरुजींना निजवून मैदानाची फेरी मारणं. हसू आवरत नाही. पण फेरी संपताना कळतं की घोंगडी नीट गुंडाळली नसती, तर गुरुजी जमिनीवर असते.

एक खेळ हमखास घेतला जातो. किपलिंग यांच्या भारतावरच्या ‘किम’ या कादंबरीवरून त्याला ‘किम्स गेम’ म्हणतात. ताटात दोन डझन वस्तू ठेवायच्या. मिनिटभर पाहू द्यायच्या. मग वर रुमाल टाकायचा आणि आठवतील तेवढ्या लिहायला सांगायचं. ‘लक्ष कुठे असतं तुझं?’ असं वर्गात दिवसातून दहादा विचारणाऱ्यांची गाडी अर्ध्यावरच अडते. मुलाला कसं वाटत असेल, ते भाषण न देता कळतं.

आणि मग येतो तो भांड्याविना स्वयंपाक. तवा नाही, लाटणं नाही, पोळपाट नाही. कणीक काठीला गुंडाळून विस्तवावर भाजायची, बटाटे निखाऱ्यात पुरायचे, पानात गुंडाळून भाजी शिजवायची. घरी वीस-वीस वर्षं चूल सांभाळलेल्या बायका सुरुवातीला गोंधळतात. कारण इथे सवय कामाला येत नाही, युक्ती लागते. पुरुषांचं वेगळंच. ज्यांनी घरी पाण्याचा पेलाही स्वतः उचललेला नसतो, त्यांना पाळी आली की डोळ्यांतून पाणी येईस्तोवर फुंकर मारावी लागते. आठवड्याच्या अखेरीस त्यांनाही कळतं की सात माणसांचं जेवण वेळेवर होणं ही काय चीज असते. घरी गेल्यावर हा धडा किती दिवस टिकतो, ते त्यांच्या घरच्यांनीच सांगावं!

कोसळणारा तंबू

पण गाठी आणि चुली हा सोपा भाग झाला. अवघड धडा वेगळाच असतो.

संघ तंबू उभारत असतो. एक खुंटी वाकडी ठोकली जाते, दोरी ढिली राहते. प्रशिक्षक शेजारून जातात, पाहतात आणि काही बोलत नाहीत. रात्री वारा सुटतो. तंबू अंगावर येतो. अंधारात, चिखलात, एकमेकांवर खेकसत सात मोठी माणसं तो पुन्हा उभा करतात. सकाळी चर्चेच्या वेळी हमखास कुणीतरी चिडून विचारतं, काल दिसत होतं तर सांगितलं का नाही? प्रशिक्षकाचा उलटा प्रश्न असतो, सांगितलं असतं तर खुंटी कशी ठोकायची ते या जन्मात लक्षात राहिलं असतं का?

हीच या साऱ्या प्रशिक्षणाची किल्ली. शिक्षकाला उत्तर सांगायची सवय असते. आईबापांना तर असतेच असते. मुलाच्या हातून दोरी काढून घेऊन ‘हे बघ, असं’ म्हणत आपणच गाठ मारून मोकळे होतो. गाठ पक्की बसते, मूल मात्र कच्चं राहतं. स्काऊट पद्धतीत काम मुलांचा नायक मुलांकडून करून घेतो. पथकाचे निर्णयही नायकांच्या बैठकीत होतात. मोठ्या माणसानं बाजूला उभं राहायचं. बेडन-पॉवेल यांना मास्तर हवा होता तो हुकूम सोडणारा हवालदार नव्हे, छडीवाला पंतोजीही नव्हे. थोरल्या भावासारखा.

मात्र बाजूला उभं राहणं म्हणजे पाठ फिरवणं नव्हे. इथेच खरी कसोटी आहे. तंबू कोसळू द्यायचा, पण मूल पाण्यात जाऊ द्यायचं नाही. भात करपू द्यायचा, पण स्टोव्हचा भडका होऊ द्यायचा नाही. कोणती चूक मुलाला शिकवेल आणि कोणती त्याचा जीव घेईल, यातला फरक ज्याला कळतो तो मास्तर. आणि हा फरक नुसत्या मायेनं कळत नाही, तो शिकावा लागतो.

म्हणून कोर्समध्ये रुक्ष वाटणाऱ्या गोष्टी घोटून घेतल्या जातात. पालकांचं लेखी संमतिपत्र. कुणाला दमा, कुणाला फिट, कुणाला कशाची ॲलर्जी. जवळचं हॉस्पिटल किती अंतरावर आणि रात्री गाडी कुणाची. पाण्याजवळ जोडी-जोडीनंच जायचं, पोहता येणारं माणूस काठावर हवं. निघताना, पोचल्यावर आणि झोपण्याआधी डोकी मोजायची.

या गोष्टी किती रुक्ष वाटतात! १ फेब्रुवारी २०१६ रोजी मुरूडच्या समुद्रात पुण्याहून सहलीला आलेले चौदा विद्यार्थी बुडाले. १८ जानेवारी २०२४ रोजी बडोद्याच्या हरणी तलावात बोट उलटून बारा शाळकरी मुलं आणि दोन शिक्षिका गेल्या. या सहली स्काऊटच्या नव्हत्या. पण प्रत्येक आईबापाच्या पोटात जो गोळा आला, तो सारखाच होता. डोकी मोजणं त्यानंतर रुक्ष वाटत नाही.

मोठ्या संघटनेचीही दाणादाण उडू शकते. ऑगस्ट २०२३ मध्ये दक्षिण कोरियात सेमांगम इथे भरलेल्या जागतिक जांबोरीला सुमारे ४३ हजार जण आले होते. कडक उन्हानं शेकडो जण आजारी पडले. ब्रिटन आणि अमेरिकेची पथकं मुक्काम हलवून निघून गेली आणि शेवटी वादळाच्या धास्तीनं सगळा तळच रिकामा करावा लागला. ‘तयार राहा’ हे ज्या चळवळीचं बोधवाक्य, तिच्या जांबोरीत असं झालं. आयोजनातल्या मोठ्यांनी हवामानापुढे किती तयारी ठेवली होती, याची चर्चा मग जगभर झाली.

जे बोलायला जड जातं

आणखी एक धडा आहे. पूर्वी तो कोर्समध्ये नीट बोलला जात नसे. मुलांजवळ येण्यासाठी गणवेशाचा आडोसा घेणाऱ्या माणसाचा.

अमेरिकेच्या ‘बॉय स्काऊट्स’ संघटनेनं फेब्रुवारी २०२० मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला. लहानपणी संघटनेतल्या मोठ्या माणसांनी लैंगिक अत्याचार केल्याचे ८० हजारांहून अधिक दावे तिच्यासमोर आले. भरपाईसाठी सुमारे २४६ कोटी डॉलरचा निधी उभारायचं ठरलं. यातले कित्येक दावेदार आता आजोबांच्या वयाचे आहेत. चाळीस-पन्नास वर्षं ते गप्प होते, कारण शिबिराचे ‘सर’ गावात मानाचे होते.

यातून जगभरच्या स्काऊट चळवळीनं धडा घेतला. ‘सेफ फ्रॉम हार्म’ नावानं नियम आणि प्रशिक्षण आलं. जागतिक जांबोरीला जाणाऱ्या मोठ्या माणसांना आता ते पुरं करावं लागतं. नियम साधे आहेत. कुणीही मोठं माणूस एका मुलाबरोबर एकटं, सर्वांच्या नजरेआड असणार नाही. मोठ्यांचा तंबू वेगळा, मुलांचा वेगळा. मुलींचं शिबिर असेल तर बाई हव्यातच. मुलाला खासगीत मेसेज नाहीत. गुपित राखायला सांगणं नाही.

आपल्याकडे २०१२ चा पोक्सो कायदा आहे. मुलावर अत्याचार झाल्याचं कळूनही पोलिसांना न कळवणं हा त्याखाली गुन्हा ठरतो. ‘संस्थेची बदनामी होईल’ म्हणून प्रकरण दाबणारा मुख्याध्यापकही त्यातून सुटत नाही. मुलांसाठीची १०९८ ही हेल्पलाईन प्रत्येक शिबिरात फळ्यावर लिहिलेली हवी.

चांगल्या मास्तराला या नियमांचा राग येत नाही. नियम मुलाला जपतात, तसे ते प्रामाणिक माणसालाही खोट्या संशयापासून जपतात. ज्याला यांचा फारच राग येतो, त्याच्याकडे जरा निरखून पाहावं.

कोर्स संपतो, काम सुरू होतं

शेवटच्या रात्री शेकोटी असते. नाटुकली, नकला, नाना प्रांतांची गाणी. कोर्सला नाखुशीनं आलेले गुरुजीच सर्वांत मोठ्यानं गातात. सकाळी डाव्या हातानं हस्तांदोलन करून, पत्ते घेऊन मंडळी पांगतात.

इथे सगळं संपत नाही. बेसिक कोर्सनंतर शाळेत पथक चालवायचं. मग ॲडव्हान्स्ड कोर्स. पुन्हा काही काळ पथकात काम, लेखी स्वाध्याय आणि त्यानंतर हिमालय वुड बॅज. कब-बुलबुल या चिमुरड्यांसाठी, स्काऊट-गाईडसाठी आणि रोव्हर-रेंजर या तरुणांसाठी वेगवेगळे अभ्यासक्रम आहेत. सात वर्षांच्या मुलाला गोष्ट लागते, तर सतरा वर्षांच्या मुलाला विश्वास लागतो. दोघांना एकच मास्तर एकाच पद्धतीनं हाताळू शकत नाही.

हे सारं बिनपगारी. पथक चालवल्याबद्दल दरमहा काही हातात पडत नाही. उलट शनिवार-रविवार जातो. घरचे म्हणतात, दुसऱ्याची पोरं सांभाळता, स्वतःच्याकडे कधी बघणार? हा प्रश्न खोटा नाही. स्वयंसेवकामागे कुणीतरी घर सांभाळत असतं आणि त्याच्या गळ्यात मणी पडत नाहीत.

कागदावरची पथकं हे दुसरं दुखणं. शिक्षकांच्या डोक्यावर आधीच निवडणुकीची कामं, सर्वेक्षणं, माहितीचे तक्ते. त्यात पथक आलं की ते कधीकधी १५ ऑगस्ट आणि २६ जानेवारीच्या संचलनापुरतं उरतं. प्रशिक्षण झालेल्या बाईंची बदली होते. नव्या शाळेत पथक नसतं आणि जुन्या शाळेत बाई नसतात. सात दिवसांत कमावलेलं कपाटातल्या गणवेशासारखं घडी होऊन पडतं. मास्तर तयार करणं जितकं महत्त्वाचं, तितकंच तयार मास्तराला मुलं आणि वेळ देणं. हे शाळांनी मनावर घ्यायला हवं.

पालकांनो, सही करण्याआधी विचारा!

मुलाच्या शिबिराचा फॉर्म समोर आला की बहुतेक पालक फी किती आणि डब्यात काय द्यायचं, एवढंच विचारतात. त्याआधी विचारायचे प्रश्न हे -

• बरोबर येणाऱ्या मोठ्यांपैकी कुणी आणि कोणतं प्रशिक्षण घेतलंय?

• किती मुलांमागे किती मोठी माणसं आहेत? मुलींबरोबर बाई आहेत का?

• रात्री मुलं कुठे झोपणार आणि मोठी माणसं कुठे?

• पाण्याजवळ कार्यक्रम आहे का? असल्यास पोहता येणारं, प्रथमोपचार जाणणारं कोण?

• जवळचा दवाखाना कोणता? गाडी चोवीस तास हाताशी आहे का?

• मुलाला काही त्रास झाला किंवा कुणाचं वागणं खटकलं, तर त्यानं कुणाला सांगायचं?

चांगला मास्तर या प्रश्नांनी दुखावत नाही. त्याची उत्तरं बहुधा वहीत लिहून तयार असतात. आणि मूल परतल्यावर ‘मजा आली का?’ एवढं विचारून थांबू नका. कपडे धुवायला टाकता टाकता त्याला बोलू द्या. मधे न बोलता ऐका.

सोमवारी पुन्हा मैदानावर

कोर्सहून परतलेल्या त्या बाई सोमवारी शाळेत येतात. डबे, गोळ्या, चाचणी परीक्षा... घर त्यांच्यावाचून सात दिवस चाललेलं असतं. थोडं लंगडत, पण चाललेलं. संध्याकाळी मैदानावर आठवीतली एक मुलगी झेंड्याच्या काठीला दोरी बांधत असते. गाठ चुकते, दोरी घसरते. ती मुलगी बाईंकडे बघते. पूर्वीची सवय हाताला पुढे ढकलत असते.

बाई हात मागे बांधतात. मुलगी दोरी सोडते, पुन्हा वेढा घालते. पुन्हा घसरते. तिच्या संघातली दुसरी एक पुढे येते. दोघी डोकं लावतात. तिसऱ्या खेपेला गाठ बसते.

बाईंच्या गळ्यात अजून मणी नाहीत. त्याला बराच अवकाश आहे. नवी कोरी शिट्टी मात्र आहे. या दहा मिनिटांत ती वाजवायची त्यांना गरज पडलेली नाही.